आता नुसता सर्दी-तापच बघावा का?

सदरासाठी आलेलं पत्र थोडं आटोपतं करून देते आहे:

‘मॅडम, नमस्कार. घणसोलीत माझी फॅमिली प्रॅक्टिस आहे, एमबीबीएस. सकाळी मार्केटला जाण्याआधी येणारे माथाडी, मधल्या वेळात रबाळे एमआयडीसीतले कामगार, संध्याकाळी ऐरोलीच्या कंपन्यांतली आयटीवाली मंडळी. इतकी वर्षं व्यवस्थित चाललं. हल्ली मात्र रोज काहीतरी नवीन पुढ्यात येतं. परवाचाच दिवस घ्या. ३१ वर्षांची मुलगी, उंची १५८, वजन ७१, डिसेंबरात लग्न. म्हणाली, “वजनाचं ते आठवड्याचं इंजेक्शन लिहून द्या.” तिच्यामागून ७२ वर्षांचे गृहस्थ. बीपीचे जुने पेशंट, हार्टचा त्रास कधीच नाही. मी वर्षानुवर्षं देत आलेली इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) त्यांच्या मुलाने काहीतरी वाचून बंद करून टाकलेली. शेवटी ५४ वर्षांचा एक माथाडी, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेला. मोबाइल पुढे करून म्हणतो, “डॉक्टर, यात सांगितलंय मेटोप्रोलॉलचा उपयोग नाही. सोडू का?” माझी मुलगी एमडी मेडिसिन करतेय. घरी आली की केस पेपर चाळते आणि म्हणते, “बाबा, विडाल कोण करतं आता?” नवीन काय आलं ते मला मुख्यतः एमआरकडून (औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून) कळतं. शटर खाली ओढेपर्यंत साडेदहा होतात, त्यानंतर वाचायचं कधी? शुगर-बीपी-हार्ट स्पेशालिस्टांकडे सोडून आपण आता नुसता सर्दी-तापच बघावा का?’

डॉक्टर, नमस्कार.

सर्दी-ताप हे तुम्हाला निवांत ठिकाण वाटतंय, म्हणून आधी तिकडेच वळते. आपल्या पट्ट्यात, मुंब्रा-दिव्यापासून बेलापूरपर्यंत, जून ते ऑक्टोबर या महिन्यांत ओपीडीतला सगळ्यात अवघड पेशंट तापाचाच असतो. हार्टवाल्याचा निदान जुना इको (हृदयाची सोनोग्राफी) तरी हातात असतो. दुसऱ्या दिवशीच्या तापाकडे काहीच नसतं, आणि बाहेर बाकावर अजून पंधरा जण बसलेले असतात.

विडालबद्दल तुमची मुलगी बरोबर आहे. टायफॉइडची ही टेस्ट १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते. आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला आहे की धडधाकट माणसाच्या रक्तातही त्या थोड्याफार सापडतात. मलेरियासारख्या दुसऱ्या तापांतही आकडा वर जातो. शिवाय अँटिबॉडी वाढायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी काढलेल्या विडालवर ‘ओ १:१६०’ आलं असेल, तर ते या तापाचं असण्याची शक्यता कमीच. पण रिपोर्टवर लाल शाईत ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं, घरचे ‘टायफॉइड निघाला’ म्हणून चारचौघांत सांगतात आणि चौदा दिवसांचं अँटिबायोटिक सुरू होतं.

टायफॉइडचा खरा संशय असेल तर ब्लड कल्चर पाठवा. अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आत, शक्यतो पहिल्या आठवड्यात. विडालपेक्षा महाग पडतं आणि रिपोर्टला दिवस लागतात, पण कोणतं औषध चालेल हे त्यातूनच कळतं. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा भरवसा राहिलेला नाही, त्यामुळे ते कळणं महत्त्वाचं. लॅबवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: मोठ्या माणसाच्या बाटलीत आठ-दहा एमएल रक्त हवं. दोन-तीन एमएल घालून पाठवलेल्या बाटलीत जंतू सापडले नाहीत, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

प्रत्येक तापाला कल्चर नको, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पावसाळ्यातल्या पहिल्या चार-पाच दिवसांत सीबीसी, मलेरियाची स्लाइड किंवा कार्ड आणि डेंग्यूची एनएस-१ एवढं बऱ्याचदा पुरतं. पाच दिवस उलटले की एनएस-१ ऐवजी आयजीएम ही अँटिबॉडीची टेस्ट. आणि या दिवसांत तापाला डायक्लोफिनॅकची सुई देऊ नका. ‘सुई मारली की लगेच उतरतो’ म्हणून पेशंट ती मागून घेतात, पण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका आपणच वाढवतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि डेंग्यूत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गळून जाणं: ताप नसतानाही यातलं काही दिसलं तर लगेच परत या, हे केस पेपरवर मराठीत लिहून द्या. प्लेटलेटच्या आकड्याभोवती सगळं घर फिरत असतं. तुम्ही त्याच रिपोर्टमधलं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघा. ते चढत असेल तर पेशंट तुमच्या बाकावर बसायच्या लायकीचा राहिलेला नाही, ॲडमिट करा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची गरज नसते. नातेवाईक पन्नास हजारांवरच ब्लड बँकेत धावायला निघतात, त्यांना थांबवणं हेही आपलंच काम.

तुमच्या माथाड्यांसाठी लेप्टोचं, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, वेगळं सांगते. मार्केटमधलं साचलेलं पाणी, गाळ्यांतले उंदीर आणि पायाच्या भेगा, तिन्ही एकत्र. ताप, पोटऱ्या दाबल्यावर कळवळणं, डोळे लाल, लघवी कमी, असं चित्र दिसलं तर आयजीएमच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. सौम्य असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. कावीळ, धाप किंवा लघवी बंद झाली असेल तर मात्र थेट हॉस्पिटल. पाण्यातून चालून आलेल्याला तीन दिवसांच्या आत २०० मिलिग्रॅमचा एक डोस प्रतिबंधासाठी देतात. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सी नको.

खोकल्याचं औषध लिहितानाही हात आखडता घ्या. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. तरी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी सिरपमुळे मुलं दगावली. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्याचं सिरप नकोच, पाचच्या खालीही सहसा नको. आणि मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर ‘एक लेव्हो देऊन बघू’ हा मोह टाळा. लेव्होफ्लॉक्सॅसिनने टीबी तात्पुरता दबतो, पेशंटला बरं वाटतं, निदान महिनाभर पुढे जातं आणि तेवढ्यात त्याच खोलीत झोपणारे आणखी दोघे अडकतात. बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवा, टीबी निघाला तर सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करा. नोंद झाली की पेशंटच्या खात्यात पोषणाचे पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये. कामगाराला हे सांगितलंत तर तो नोंदणीला नाही म्हणत नाही.

थोडक्यात, तापाकडे पळून तुमची सुटका नाही.

आता लग्नाळू मुलीकडे. ती मागते त्या आठवड्याच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईत असा एखादा क्लिनिकवाला नसेल ज्याच्याकडे कोणी हे मागितलं नाही. औषध थोतांड नाही. २०२१ च्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं. गोळ्यांच्या जोरावर एवढं वजन उतरलेलं माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिलेलं नव्हतं. पण पंधरा टक्के कोणाचे, किती काळासाठी आणि औषध बंद केल्यावर काय, हे तिला कोणीच सांगितलेलं नसणार.

तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८.४ येतो. या औषधाची शिफारस ३० च्या पुढे आहे, किंवा २७ च्या पुढे आणि जोडीला वजनामुळे आलेला एखादा आजार असेल तर. म्हणून आधी बीपी, एचबीए१सी, लिपिड, लिव्हर, थायरॉइड बघा, आणि पाळी नियमित आहे का ते विचारा. आईबरोबर आलेली असेल तर आईला बाहेर बसवून विचारा. यात काहीच सापडलं नाही तर इंजेक्शनला तिचा नंबर लागत नाही. सापडलं, तरी डिसेंबरचं गणित बसत नाही. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढवतात, म्हणजे २.४ च्या पूर्ण डोसपर्यंत पोचायलाच सोळा आठवडे जातात. घाई करून पायऱ्या गाळल्या तर मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठात खरेदीचे दिवस जातील. आणि लग्नानंतर बंद केलं तर? त्याच २०२१ च्या अभ्यासातल्या लोकांचा पुढे वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं दिसलं.

तिच्या बाबतीत सर्वात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो ओपीडीच्या घाईत हमखास राहतो. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड मूल ठरवण्याआधी किमान दोन महिने बंद करावं लागतं. टिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ते सुरू केल्यावर चार आठवडे, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, दुसरं साधन वापरायला सांगतात. डिसेंबरात लग्न असलेल्या मुलीला हे न सांगता इंजेक्शनचं पेन हातात देणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

कोणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकारही जरा तपासा. पॅकवरची छोट्या अक्षरांतली सूचना वाचा, कोणत्या तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर विकायचं ते तिथे असतं. म्हणून सुरुवात फिजिशियनकडून, पण पुढची देखरेख तुमची. पेशंट दर महिन्याला त्याच्याकडे जाणार नाही, तुमच्याकडेच येणार. तेव्हा काय बघायचं? मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर घरात कोणाला झालाय का, हे कोणी विचारलं नसेल तर तुम्ही विचारा. पूर्वी पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) झाला असेल तर परत पाठवा. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर ती कमी करा, नाहीतर शुगर खाली बसते. जुना डायबेटिस असेल तर सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण शुगर झपाट्याने उतरली की रेटिनोपॅथी काही जणांत बिघडते. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्याला आधी सांगायला लावा. पोट उशिरा रिकामं होतं, उपाशी ठेवूनही आत अन्न उरलेलं असू शकतं. आणि प्रोटीन व व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातात. सत्तरीच्या माणसाला ते परवडणारं नाही.

७२ वर्षांच्या गृहस्थांचा मुलगा उद्धट असेल कदाचित, पण चुकलेला नाही. २०१८ साली या प्रश्नावर तीन मोठे अभ्यास एकाच हंगामात आले. त्यातल्या ‘अ‍ॅस्प्री’मध्ये मुख्यतः सत्तरीपुढचे, हृदयविकार नसलेले १९,११४ लोक होते. पाचेक वर्षं रोज अ‍ॅस्पिरिन घेऊन अटॅक-स्ट्रोकमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, मोठा रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा समितीने २०२२ मध्ये साठीपुढच्यांना नव्याने सुरूच करू नका असं सांगितलं. तुम्ही त्यांना पूर्वी कधी स्ट्रोक, टीआयए (थोड्या वेळाने ओसरणारा छोटा स्ट्रोक), चालताना पोटऱ्या भरून येणं यांतलं काही झालंय का ते एकदा नीट विचारा. नसेल तर गोळी बंदच राहू द्या.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही. ते गृहस्थ सोसायटीच्या कट्ट्यावर जाऊन ‘डॉक्टरांनी पण मान्य केलं, रक्त पातळ करायची गोळी घ्यायची नाही’ असं सांगणार, आणि शेजारचा स्टेंटवाला दुसऱ्या दिवशी ती बंद करणार. त्याच्यासाठी गोळी बंद करणं प्राणघातक ठरू शकतं. म्हणून बंद करताना एक वाक्य जोडा: ‘ही सूट फक्त तुम्हाला, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना नाही.’ आणि बीपीची गोळी चालूच ठेवायची, हेही त्याच दमात. लोक ‘गोळी’ ऐकतात, कोणती ते ऐकत नाहीत.

आता मेटोप्रोलॉल, म्हणजे हृदयाचा वेग आवरणारी बीटा ब्लॉकर गटातली गोळी. इथे रील बनवणाऱ्याने अर्धं खरं सांगितलंय. २०२४ मध्ये स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग चांगलं असलेल्यांना बीटा ब्लॉकरचा फायदा दिसला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये माद्रिदच्या युरोपियन परिषदेत दोन अभ्यास आले आणि त्यांचे निकाल जुळले नाहीत. स्पेन-इटलीच्या साडेआठ हजारांच्या आसपास पेशंटांच्या ‘रिबूट’मध्ये फायदा नाही, नॉर्वे-डेन्मार्कच्या अभ्यासात थोडा फायदा. सगळे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा चित्र जरा उलगडलं: ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४० ते ४९ असेल तर फायदा दिसतो, ५० च्या पुढे दिसत नाही. ४० च्या खाली तर वादच नाही, गोळी हवीच. शिवाय आधीपासून चालू असलेली गोळी थांबवण्यावर फ्रान्समध्ये वेगळा अभ्यास झाला. त्यात थांबवणाऱ्यांना हॉस्पिटलमध्ये जास्त जावं लागलं. ‘नव्याने सुरू न करणं’ आणि ‘चालू असलेली सोडणं’ हे दोन वेगळे निर्णय आहेत.

त्यामुळे तुमच्या माथाड्याला हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याची फाइल मागवा. डिस्चार्ज कार्डावर टू-डी इकोची ईएफ लिहिलेली असते. दोन वर्षं जुनी असेल तर नवीन इको करून घ्या. मग अँजाइना (हृदयामुळे छातीत दुखणं) आहे का, बीपीसाठीही हीच गोळी कामाला येते आहे का, धडधडीचा त्रास आहे का ते बघा. सगळं ठीक असेल आणि ईएफ ५० च्या पुढे असेल, तर कार्डिओलॉजिस्टला चार ओळींची चिठ्ठी लिहून विचारा. ‘बंद करायला हरकत नाही’ असं उत्तर आलं तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवा. एका रात्रीत सोडलेला बीटा ब्लॉकर छातीत दुखणं उसळवतो. तोवर त्याला सांगा की प्रश्न चांगला विचारलास, उत्तर येईपर्यंत गोळी चालू. मोबाइल पुढे करणाऱ्या पेशंटवर चिडणारे डॉक्टर मला कळतात, पण तो निदान विचारायला आला. न विचारता सोडणारे तुम्हाला दिसतही नाहीत.

बीपीच्या टार्गेटवरून सध्या परिषदांमध्ये बरीच हमरीतुमरी चालते, युरोपवाल्यांनी २०२४ मध्ये वरचा आकडा १२० ते १२९ वर आणायला सांगितला वगैरे. त्यात फार शिरू नका. हे आकडे ज्या अभ्यासांवर उभे आहेत तिथे पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून, हात टेकवून, त्याच्याशी न बोलता मोजलेलं असतं. आपण जिना चढून आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवर कफ बांधतो आणि फुगवता फुगवता ‘मुलाची नोकरी लागली का’ विचारतो. माथाड्यांच्या दंडाला नेहमीचा कफ लहान पडतो आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा कफ घ्या. नव्या गाइडलाइनपेक्षा त्याने तुमची प्रॅक्टिस जास्त सुधारेल.

राहिला वाचनाचा प्रश्न, आणि एमआरचा. एमआरला दारातून परत पाठवा असं मी सांगणार नाही. तो पोटासाठी फिरतो आणि कधीकधी खरंच नवीन काहीतरी सांगतो. फक्त तो ‘वीस टक्के फायदा’ म्हणाला की विचारा, किती जणांतून किती? सेमाग्लुटाइडचा हृदयविकारावरचा ‘सिलेक्ट’ अभ्यास घ्या, २०२३ चा. पंचेचाळिशीपुढचे, जाडे, आधीच हृदयविकार असलेले, डायबेटिस नसलेले १७,६०४ लोक. अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांत वीस टक्के घट, हे खरंच. पण साधारण चाळीस महिन्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे साठ-सत्तर जणांना तीन वर्षांवर औषध दिलं तेव्हा एकाचा अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यू टळला. वाईट नाही. पण वीस टक्के ऐकून आपल्या मनात जे उभं राहतं, ते हे नव्हे.

याच्या शेजारी डापाग्लिफ्लोझिन ही मुळात डायबेटिसची गोळी ठेवा. किडनी बिघडायला लागलेल्या आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन जाणाऱ्या पेशंटांवरचा २०२० चा अभ्यास: एकोणीस जणांना साधारण अडीच वर्षं गोळी दिली की एकाच्या किडनीचं काम निम्म्याने घटणं, किडनी निकामी होणं किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यू टळतो. पेशंट वेगळे, मोजलेली गोष्ट वेगळी, त्यामुळे दोन आकड्यांची थेट शर्यत लावता येत नाही. तरी मला सांगा, या गोळीबद्दल तुम्हाला कोणी मोबाइल दाखवून विचारलं? भारतात तिचं पेटंट २०२० मध्येच संपलं, अनेक कंपन्यांची स्वस्तातली मिळते, म्हणून तिची जाहिरात करत कोणी फिरत नाही. गेल्या दहा वर्षांत फॅमिली डॉक्टरच्या हातात आलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, असं माझं मत आहे. डायबेटिस असो नसो, किडनी आणि हार्ट फेल्युअर दोन्हींत ती उपयोगी पडते.

वाचायला आयसीएमआरची स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो पानं घ्या. एका आजाराला एक पान, फुकट, भारतातल्या दवाखान्यांसाठी लिहिलेली. मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांतले तीस क्रेडिट अवर्स जेवणावळीच्या सीएमईत (डॉक्टरांच्या शिक्षणसत्रांत) भरून निघतात, ज्ञान तेवढ्याने भरत नाही. तुमच्या घरी एमडीची रेसिडेंट आहे. तिला आठवड्यातली एक केस पाठवा आणि उत्तराबरोबर पेपरही मागा. उलट तिला ओपीडीत बसवा. चौदा पेशंट बाकावर असताना कल्चर कोणाचं करायचं आणि कोणाचं नाही, हे तिला वॉर्डात शिकायला मिळणार नाही.

सगळं वाचून मग प्रॅक्टिस बदलू, असं म्हटलंत तर ती बदलणार नाही. उलट्या बाजूने या. रजिस्टरमधले डायबेटिसचे पेशंट वहीत उतरवून काढा आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. दुसरा रकाना बहुतेक कोराच राहील. जवळजवळ सगळ्यांच्या ओपीडीत तो कोरा असतो. तिथून सुरुवात करा. प्रमाण ३० च्या वर आलं तर लगेच किडनीच्या आजाराचा शिक्का मारू नका, तीन महिन्यांत पुन्हा करून तीनपैकी दोनदा वर आलं तरच धरा. बीपीच्या गोळ्यांत टेल्मिसार्टनसारखी गोळी आहे का ते बघा आणि डापाचा विचार करा. देताना खाजगी भागाची स्वच्छता समजावून सांगा, खाज आली तर लाजू नका म्हणावं. आषाढी, नवरात्रातले निर्जळी उपवास किंवा रमजानचे रोजे करणाऱ्यांशी आधी बोला. उलट्या-जुलाबांत आणि कुठल्याही मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी गोळी थांबवायची. मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर शुगर नॉर्मल दिसली तरी कीटोन तपासा. पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं, तीस टक्क्यांच्या आत असेल तर घाबरून बंद करू नका.

आणि माथाड्यांचा लघवीचा नमुना सकाळचा पहिला घ्या, पोती उचलायला जाण्याआधीचा. दिवसभराच्या ओझ्यानंतर घेतलात तर अल्ब्युमिन तात्पुरतं वाढलेलं दिसतं. ताप असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर तो बरा झाल्यावर घ्या.